सरळ रेघ नदीत जाते

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारचे दोन वाजलेत आणि मी गिरणीत बसून रेघा मारायची पांढरी फक्की चाळते आहे.

मामा, तुझ्या घरून आणलेल्या पोत्यात निम्मी फक्की आणि निम्मे खडे निघाले. पिठाच्या चाळणीने फक्की चाळू नये, हे मला कळतं. चाळणी वाया जाईल. पण तुझ्या डब्याच्या बुडाला तू खिळ्याने पाडलेली भोकं इतकी बारीक आहेत की एक खडा अडकला तरी रेघ तुटते, आणि उद्या रेघ तुटलेली मला चालणार नाही. मघाशी एक बाई दळण घेऊन आली. चाळणीत पांढरं बघून म्हणाली, "मंगलाताई, कायचं पीठ हाय वं हे?" म्हटलं, भिकामामाचं. ती दळण ठेवून गेली.

तू सोमवारी गेलास. आज पाचवा दिवस. रडणं वगैरे सोमवारी झालं, दहाव्याला अजून वेळ आहे. पण शनिवार त्याच्या आधी येतो आणि शनिवारी बाजार भरतो, तुला काय सांगायचं. सुरतेहून आलेला तुझा पुतण्या म्हणतो, एक बाजार नाही भरला तर काय होते? त्याला काय उत्तर देणार! तो दहा वर्षांचा असताना गाव सोडून गेला.

काय होतं ते मी सांगते. मंगळवारी अवकाळी पाऊस पडला आणि तू आजारी पडायच्या आधी विकणाऱ्यांच्या चौकटींसाठी मारलेल्या रेघा धुऊन गेल्या. तीन आठवडे लोक त्या पुसट रेघांवर बसत होते. आता नदीकाठ कोरा आहे. आणि नेमक्या याच शनिवारी सकाळी आठ वाजता नगरपरिषदेचे साहेब येणार आहेत. नवे सिमेंटचे ओटे बांधायचे आहेत. जो ज्या जागेवर बसलेला दिसेल त्याचं नाव लिहिणार, आणि त्या चौकटीला एक ओटा. चौकट नाही तर ओटा नाही. ठरवून दिलेल्या दोन झेंड्यांमधली जागा, बस. तुझ्या हिशोबाने तिथे एक्केचाळीस चौकटी बसतात. उद्या माझ्या हिशोबाने किती बसतील? जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

आणि यादीचं तर तुला सांगायचंच राहिलं. तू असतास तर खाटेवर उठून बसला असतास हसत.

तुझ्या आजारपणात मी रोज दुपारी वही घेऊन यायचे. कोण कुठे बसतो ते लिहून घेऊ, म्हटलं. तू म्हणालास, "लिवून काय होते? पाय सांगतात." मी म्हटलं, पायांना सरकारी शिक्का मारता येत नाही. मग तू डोळे मिटून सांगायला लागलास, आणि मी बघितलं की गोधडीखाली तुझे पाय हलत होते. पाय थांबले की नाव थांबायचं. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून तू खाटेवर पडल्या पडल्या चालत निघालास आणि मी मागे मागे लिहीत गेले. तुळसाबाईची मिरची. वैद्याचा ठिय्या. पैलवानाचा कोपरा. कासमभाईच्या चटया. गंगा कुंभारणीचे माठ.

गावात कोणाचाही अर्ज असो, तो मी लिहिते. रेशनकार्ड, विहीर, विधवा पेन्शन. कचेरीतले लोक म्हणतात, मंगलाताईंच्या अर्जात चूक सापडत नाही. तर ही बिनचूक यादी मी बुधवारी नेऊन दिली. गुरुवारी बाजार विभागातल्या कारकुनाचा फोन आला.

"ताई, तुमच्या यादीतल्या तुळसाबाईले आधारकार्ड घेऊन पाठवा बरं."

"तुळसाबाई कशी येईल? ती वारली. माझ्या लग्नाच्या आधी."

"वारली? मंग यादीत काऊन?"

"जागा तिची आहे."

"अन् वैद्य?"

"वैद्य तर मी पाहिलेलेसुद्धा नाहीत."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, तुमी मले बजाराची यादी देल्ली का मसनवट्याची?"

मामा, मी वही काढून बघितली. एक्केचाळीस नावांपैकी जिवंत माणसं मोजून सहा. बाकी सगळे गेलेले. लिहिताना मला एकदाही खटकलं नाही! तुळसाबाईच्या जागेवर गेली कित्येक वर्षं मिशीवाला पांडुरंग बसतो, हे मला माहीत आहे. मीच त्याच्याकडून मिरची घेते आणि मीच म्हणते, "तुळसाबाई, पाव किलो दे." तोही "घ्या बाई" म्हणतो. वैद्य दातांची पूड विकायचे म्हणे, तिथे आता एक मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो, आणि आपल्या गावात लोक वैद्याकडून चार्जर आणतात. बाहेरचा माणूस हे ऐकून वेडा होईल. आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. म्हणून तर मी एवढी मोठी चूक केली, आणि ती चूक दुरुस्त करायला तू चार दिवस थांबला नाहीस.

साहेब म्हणाले, यादी राहू द्या, शनिवारी समक्ष लिहू. म्हणजे सगळं आलं रेघेवर.

आपल्या गावाचा इतिहास लिहा असं मागे एकदा शाळेने मला सांगितलं होतं, आठवतं? मी तुझ्याकडे आले होते. गावात किल्ला नाही, लढाई झाली नाही, कोणी मोठा पुढारी निघाला नाही. तू म्हणालास, "बजार हाय ना." आणि मला काठाकाठाने फिरवलंस. पैलवान कुस्ती हरला आणि लाजेने आखाडा सोडून दोर विकायला बसला. दोर हाताने मोजतात आणि त्याचा हात इतरांपेक्षा वीतभर लांब, म्हणून उंद्रीपासून लोक कासरे घ्यायला त्याच्याकडे यायचे. कुस्तीत त्याचं जेवढं नाव झालं नाही तेवढं कासऱ्यात झालं. गंगा कुंभारीण एका पुरात माठांना धरून तरंगत पुलापर्यंत गेली, तिथे लोकांनी ओढून काढली, आणि पुढच्या शनिवारी ती उरलेले माठ घेऊन त्याच जागी बसली. एक माठ वाजवून दाखवायची, म्हणायची, "पोहून आलेला हाय, गळत नाही." कासमभाईने दुष्काळात चटया वाटल्या, उधार नाही, फुकटच, आणि नंतर कोणाला पैसे मागायला गेला नाही. हे सगळं मी शाळेला लिहून दिलं. त्यांनी परत पाठवलं. यात थोर माणसं नाहीत, म्हणाले.

तुला सांगितलं तर तू म्हणालास, "त्यांच्या थोर मानसायच्या नावाची चौकट हाय का कुठी? मंग?"

*

संध्याकाळचे साडेसहा. आत्ताच नदीवरून आले. हात धुतले तरी फक्की जात नाही.

आज सरावासाठी जाऊन बघितलं. पांडुरंगाला बरोबर घेतलं, मीटरचा टेप घेतला, सुतळी घेतली. आपलं कायमचं भांडण तुला माहीत आहे. मी म्हणायचे, मामा, रेघ सरळ मार, बाजार किती तिरपा दिसतो. टेप घे, सुतळी ताण. आणि तू दर वेळी तेच, "सरळ रेघ नदीत जाते, मंगले." मला वाटायचं तू टेप वाचता येत नाही म्हणून असं बोलतोस. मी तसं एकदा तोंडावर म्हटलंही होतं, चार लोकांत.

तर आज मी घाटाच्या पायरीपासून सुतळी ताणली. अगदी सरळ. सहा सहा फुटांच्या चौकटी पाडत गेलो. पंचविसाव्या चौकटीला पांडुरंग म्हणाला, "ताई, ओलं लागून राह्यलं." तिसाव्याला त्याचा पाय चिखलात गेला. काठ तिथे वळतो, मामा. पन्नास वर्षं वळतोय आणि मला दिसला नव्हता. सुतळी थोडी वळवून पुन्हा मांडलं, तर दुसऱ्या झेंड्यापर्यंत छत्तीसच चौकटी झाल्या. पाच जण बाहेर. आणि शेवटचे पाच कोण, ते तुला पाठ आहे. मोताळ्याकडून पालेभाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन येणाऱ्या त्या बाया, पहिली बस धरून. त्यांना वशिला नाही, त्यांचा अर्ज नाही. ओटा गेला तर त्या बाजारातूनच जातील.

मी चौकटी लहान करू म्हटलं. पांडुरंग म्हणाला, "कितीनं? सगळे भांडतीन. मामाच्या चौकटीत कोनी भांडत नव्हतं, कारण ते मामाचं पाऊल होतं. तुमचं माप कोन मानते?"

"मग मामाचं पाऊल कुठून आणू?"

"आता ते म्या कसं सांगू?" म्हणाला, आणि मिशी पुसत घाटावर बसला. तो रडत होता. मी तिकडे बघितलं नाही.

तेवढ्यात नूरजहाँबी आली. नूरजहाँबी, ती पाण्याच्या अगदी काठाला पोतं टाकून बसते, चौकटीच्या बाहेर. पिना, कंगवे, सुई-दोरा. सात वर्षं झाली असतील. तिच्याशी मी कधी दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते. ती जवळ येऊन मला म्हणाली, "दीदी, एक बात पुछू का? रागावसान तर नाही?"

"विचार."

"वो सुभद्राबाईची जागा... उद्या उसमे कोन बसनार?"

इथे मला थांबावं लागेल. हे मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं.

सुभद्राबाई माझी आई. घाटाच्या पायरीशी पांडुरंगाची पहिली, तिथून अकरावी चौकट. फुटाण्यांची भट्टी. आई गेली आणि मी गिरणी घातली, आणि त्या चौकटीत कोणी बसलं नाही. सत्तावीस वर्षं तू दर शनिवारी ती रिकामी चौकट मारत आलास. मी ऐकून होते, बघितली नाही, कारण पांडुरंगाकडून मिरची घेऊन मी तिथूनच परत फिरायचे, पुढे जात नव्हते. गर्दी असते म्हणून, असं मी सांगायचे. सकाळी सात वाजता गर्दी नसते.

तुला मी किती वेळा म्हटलं, देऊन टाक कोणाला तरी, फक्की वाया घालवतोस. आपल्या बाजारात जागा विकत नाहीत, हे मला माहीत होतं. जागा ज्याची, तो किंवा त्याचं लेकरू चौकटीत उभं राहतं, नव्या माणसाकडून दिवसाची पहिली खरेदी करतं, म्हणजे त्याला भवानी देतं. झालं, जागा गेली. तू म्हणायचास, "तू येजो एकडाव तिच्या चौकटीत." मी म्हणायचे, मला गिरणी आहे, शनिवारी मरायला वेळ नाही. नवरात्रात यावरूनच आपलं वाजलं. मी म्हटलं, मामा, मेलेल्या माणसांसाठी चौकटी मारण्यापेक्षा जिवंतांचं बघ. तीन बाजार मी तुझ्याशी बोलले नाही. मग तू पडलास, मी वही घेऊन आले, आणि त्या भांडणाविषयी आपण दोघंही बोललो नाही. अकराव्या नावाला गोधडीखालचे तुझे पाय थांबले होते. तू म्हणालास, "हे तुले माहीत हाय." मी आईचं नाव लिहिलं आणि म्हटलं, पुढे?

पुढे, म्हटलं मी. 

तर नूरजहाँबीला मी विचारलं, "सात वर्षांत मामाकडे जागा मागितली नाहीस?"

"मांगी ना. मामा बोले, जागा मंगलाची हाय, तिले विचार. ती देईन तं आजच बस."

"मग मला का नाही विचारलंस?"

तिने पांडुरंगाकडे बघितलं. पांडुरंग नदीकडे बघायला लागला. शेवटी ती म्हणाली, "दीदी, आपसे सब डरते ना."

सात पावसाळे ती बाई चिखलात बसली, मामा, कारण तिला माझी भीती वाटत होती. आणि तू मला सांगितलं नाहीस. एकदा तरी स्पष्ट सांगायचं होतंस की, मंगले, एक बाई थांबली आहे. मी दुसऱ्या दिवशी आले असते. आले असते का? या विचाराने मी घरी येताना दोनदा थांबले. तू ओळखून होतास मला. सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, तूच दे माझ्या वतीने, मला वेळ नाही.

तुझा डबा समोर ठेवलाय. डब्याला बांधलेली दोरी तुझ्या कमरेच्या उंचीची आहे, मला ती लांब पडते. गाठ मारून आखूड करते. तू तो डबा उजव्या हातात धरायचास, कारण डावा पाय आखूड, त्या बाजूला तोल जायचा. लहानपणी घाटावरून पडला होतास ना. एक पाऊल लांब, एक तोकडं. लांब, तोकडं. लहान असताना मी तुझ्यामागे तसंच चालून दाखवायचे आणि आई फुटाण्याचा झारा घेऊन मारायला धावायची.

लांब, तोकडं. थांब.

मामा, एका चौकटीला तू चार पावलं टाकायचास.

*

शनिवार. बाजार भरला आहे. गिरणीवर रांग आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

पहाटे सहाला घाटावर गेले. नुकतं उजाडत होतं. पांडुरंग आणि नूरजहाँबी आधीच आले होते. मी शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि डाव्या पायातली चप्पल काढली. उजवी तशीच ठेवली, टाच जाड असलेली. डबा उजव्या हातात घेतला. पांडुरंग म्हणाला, "हे काय वं ताई?" म्हटलं, गप्प बस आणि मोज.

पहिल्या दहा पावलांत मला लाज वाटली. मग समजलं की डावा पाय तोकडा पडला की माणूस आपोआप डावीकडे ओढला जातो. मी वळवत नव्हते. वळण आपोआप येत होतं, आणि नदी उजव्या हाताला तेवढ्याच अंतरावर राहत होती. काठ वळला तिथे मीही वळले. हे तू पायामुळे करायचास की नदी बघून, हे विचारायचं राहिलं. आता राहिलंच.

तुझं पाऊल मला तंतोतंत आलं नाही, तुझी उंची जास्त. शेवटची चौकट दुसऱ्या झेंड्याच्या थोडी अलीकडेच संपली. पण एक्केचाळीस झाल्या. पांडुरंगाने दोनदा मोजल्या. सातपर्यंत लोक येऊ लागले, आणि मी बघत होते, आता भांडण होणार म्हणून. एकेकाने आपापली चौकट बघितली, पोतं झटकलं आणि बसला. मोताळ्याच्या बाया आल्या, गाठोडी उतरवली. एक म्हणाली, "मामा बरे झाले का?" तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती चौकटीकडे बघत म्हणाली, "मंग ह्या कोनं मारल्या?" आणि माझा एक अनवाणी पाय तिला दिसला.

आठला साहेब आले. तरणे आहेत, आवाज साधा. मला म्हणाले, तुम्हीच नावं पुकारा. मला एक्केचाळीस जणांची खरी नावं कुठे येतात? मी वही उघडली आणि तुझ्या क्रमाने पुकारलं. "तुळसाबाई!" पांडुरंग मिशीवर हात फिरवत उठला, "हाव, हजर." कारकुनाने मान खाली घालून हसू दाबलं. "वैद्य!" मोबाइलवाला मुलगा, "हजर." "गंगा कुंभारीण!" एक म्हातारा उठला, "हाव." साहेबांनी कारकुनाला सांगितलं, दोन रकाने करा. एकात जागेचं नाव, दुसऱ्यात माणसाचं. मामा, एवढं साधं होतं, आणि अर्ज लिहिणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं.

अकराव्या चौकटीशी मी थांबले. साहेब म्हणाले, "ही रिकामी?"

मी म्हटलं, दोन मिनिटं.

चौकटीत जाऊन उभी राहिले. जमीन थंड होती, डाव्या पायाला कळली. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, भट्टीचा वास आला नाही, आई दिसली नाही. वाऱ्याने पांडुरंगाची मिरची नाकात गेली आणि शिंक आली. मी नूरजहाँबीला हाक मारली. ती आपलं पोतं छातीशी धरून आली आणि रेघेच्या बाहेरच उभी राहिली. "आत ये," म्हटलं. "पिना आहेत का?"

तिने पिनांचं एक पाकीट काढलं.  मी पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले आणि पोतं अंथरलं.

"सुभद्राबाई!" मी पुकारलं.

तिला पटकन कळलं नाही. साहेबांच्या मागून आलेल्या पांडुरंगाने कोपराने ढोसलं. मग ती म्हणाली, "हजर."

पिना मी पदराला लावल्या. चप्पल घाटाच्या पायरीवर होती, ती जाऊन घातली आणि गिरणी उघडायला आले.